पाकिटामागचं साहित्य

मराठीत ‘साहित्य’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोजच्या वापरातले आहेत. एक साहित्य संमेलनात असतं, दुसरं पाककृतीच्या पहिल्या ओळीत. ‘साहित्य : दोन वाट्या तांदळाचं पीठ, एक चमचा जिरं, चवीपुरतं मीठ.’ आणि त्याखाली ‘कृती’. हा लेख ज्या मजकुराबद्दल आहे तो या दुसऱ्या अर्थानं साहित्य आहे, पण पहिल्या अर्थाच्या साहित्याची करतात तशी त्याचीही समीक्षा व्हायला हवी. तो मजकूर म्हणजे बिस्किटं, वेफर्स, नूडल्स, सॉस यांच्या पाकिटामागे छापलेली घटकांची यादी.

खपाच्या बाबतीत कुठलंही मराठी पुस्तक या मजकुराच्या जवळपास जाणार नाही. तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता त्याच्या वीस-पंचवीस प्रती तरी असतील. त्यावर लेखकाचं नाव नसतं, अक्षर बारीक असतं, आणि पाकीट चुरगळलं की निम्मा मजकूर घडीत जातो. वर्षानुवर्षं तो कोणी वाचतही नव्हतं. गेल्या काही वर्षांत मात्र या यादीला अचानक वाचक मिळाले. मोबाईलवर दर चौथ्या-पाचव्या रीलमध्ये कोणीतरी पाकीट उलटं करतं, एका आकड्यावर बोट ठेवतं आणि ‘हे विष तुम्ही मुलांना देताय’ म्हणतं. खाली कमेंटमध्ये कोणीतरी लिहितं, ‘सरकारनं परवानगी दिलीय ना, मग गप्प खा.’

हे दोन्ही एकाच मजकुराचे दोन अन्वय आहेत, आणि माझ्या मते दोन्ही आळशी आहेत. अन्नातल्या अ‍ॅडिटिव्हबद्दलच्या आपल्या बऱ्याचशा भांडणाचं मूळ रसायनशास्त्राइतकंच वाचनात आहे, म्हणून ही यादी जरा नीट वाचून बघू.

यादीचं व्याकरण

या यादीला स्वतःचं व्याकरण आहे. पहिला नियम क्रमाचा. वजनानं जो घटक सर्वांत जास्त तो आधी, मग उतरत्या क्रमानं बाकीचे. पाककृतीतला क्रम करणाऱ्याच्या सोयीचा असतो, इथला कायद्यानं ठरवलेला आहे. त्यामुळे पुढच्या बाजूला बदामाचं मोठं चित्र आणि मागं मैदा, साखर, पामतेल यांच्यानंतर कुठंतरी बदाम, असं दिसलं तर पुढची बाजू जाहिरात आणि मागची जबानी असं धरून चालावं. ज्या घटकाचा पुढं गवगवा केला, त्याचं प्रमाण मागं टक्क्यांत द्यावं लागतं. हा टक्का शोधून बघा, बऱ्याचदा करमणूक होते.

दुसरा नियम अ‍ॅडिटिव्हपुरता. इथं आधी काम सांगतात, मग नाव किंवा आकडा. ‘इमल्सिफायर (३२२)’ म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं लेसिथिन. ‘अ‍ॅसिडिटी रेग्युलेटर (३३०)’ म्हणजे आंबटपणा सांभाळणारं सायट्रिक अ‍ॅसिड. ‘प्रिझर्व्हेटिव्ह (२११)’ म्हणजे बुरशी आणि जिवाणू रोखणारं सोडियम बेंझोएट. मात्र यातलं किती घातलंय हे सहसा सांगितलेलं नसतं. कायद्यानं प्रत्येक पदार्थासाठी कमाल मर्यादा ठरवलेली असते. प्रत्यक्षात त्या पाकिटात किती आहे ते कंपनीला माहीत, आणि तपासणी झालीच तर प्रयोगशाळेला.

अ‍ॅडिटिव्हच्या बाबतीत सगळा खेळ प्रमाणाचा आहे आणि यादी नेमकी प्रमाणाबद्दल गप्प आहे. घाबरवणारे आणि निर्धास्त असणारे, दोघंही या रिकाम्या जागेत आपापल्या मनातलं भरतात.

आकडा पाहून घाबरणं

हे आकडे आले कुठून? अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी कोडेक्स अ‍ॅलिमेंटेरियस नावाची व्यवस्था आहे. एकाच पदार्थाला वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी लांबलचक नावं असतात, म्हणून तिनं क्रमांक ठरवून दिले. युरोपात त्याच क्रमांकाआधी ‘ई’ लावतात, आपल्याकडं ‘आयएनएस’. म्हणजे गोंधळ कमी व्हावा म्हणून केलेली ही सोय. सामान्य वाचकाला मात्र ती कैद्याच्या बिल्ल्यासारखी वाटते. आकडा आहे म्हणजे काहीतरी लपवलंय, असा पहिला संशय येतो.

आता हे आकडे उघडून बघू. १०० म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग. ३०० म्हणजे व्हिटॅमिन सी. ३३० लिंबात असतं. ४४० म्हणजे पेक्टिन, ज्यामुळं पेरूची जेली धरते. २९० म्हणजे सोड्याच्या बाटलीतला कार्बन डायऑक्साइड. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. गवार ज्यांना आवडत नाही त्यांनीही ती आइस्क्रीममधून खाल्लेली असते. ५०० या गटात आपला खायचा सोडा येतो. पापडात जो पापडखार घालतात तोही क्षारच, त्याच्या पुडीला रील मिळाली नाही एवढंच.

पण याच यादीत १२० म्हणजे कार्माइन आहे, कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग. शाकाहारी माणसाला त्याचं वावडं असणार, मग विज्ञान तो सुरक्षित म्हणो की न म्हणो. १०२ म्हणजे टारट्राझीन, प्रयोगशाळेत तयार होणारा पिवळा रंग. काही थोड्या लोकांना त्यानं अंगावर पित्त उठल्यासारखा त्रास होतो. २२३ हे सल्फाइट घराण्यातलं, दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही. म्हणजे आकडा ना चांगला ना वाईट. ‘क्रमांक दिसला की पाकीट ठेवून द्या’ हा सल्ला देणारा हळदीला आणि टारट्राझीनला एकाच पिंजऱ्यात उभं करतो. या दोन पिवळ्यांतला फरक सांगणं हेच तर त्याचं काम होतं.

‘केमिकल’ या शब्दाचंही तेच. ‘केमिकल मारलेलं’ असं आपण जे म्हणतो त्यात भीती खरी असते, पण शब्द इतका ढोबळ आहे की त्यातून पुढं काहीच करता येत नाही. मिठानं लोणचं टिकतं, व्हिनेगरनं सॉस टिकतो, नायट्राइटमुळं डबाबंद मांसात बोट्युलिझमचे जिवाणू वाढत नाहीत. शेवटच्या उदाहरणात तर अ‍ॅडिटिव्ह काढून टाकणं हाच मोठा धोका ठरू शकतो. आणि त्याच नायट्राइटमुळं प्रक्रिया केलेलं मांस रोज खाण्याबद्दल कर्करोगाच्या अंगानं शंकाही घेतल्या जातात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तीस सेकंदांच्या रीलमध्ये त्यांतली एकच मावते.

एका पत्राचा प्रवास

वाचन चुकलं की काय होतं याचं सर्वांत बोलकं उदाहरण ६२१ या क्रमांकाचं आहे. मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपल्या चायनीजच्या गाड्यांवरचं ‘अजिनोमोटो’. हे मुळात एका जपानी कंपनीचं नाव. आपण ते पदार्थालाच देऊन टाकलं, वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणायचो तसं. १९०८ साली टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रशाला चव कशानं येते ते शोधलं. ती चव ग्लुटामेटची होती. त्यांनी तिला ‘उमामी’ नाव दिलं आणि पुढच्याच वर्षी ती पुडीत विकायला आली. टोमॅटोत, जुन्या चीजमध्ये, आईच्या दुधातही ग्लुटामेट असतंच.

मग एप्रिल १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात एक पत्र छापून आलं. लिहिणारे रॉबर्ट हो मान क्वॉक हे चीनमधून अमेरिकेत आलेले डॉक्टर होते. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेच्या मागं बधिरपणा येतो, अशक्तपणा वाटतो, छातीत धडधडतं, असं त्यांनी लिहिलं. कारण काय असेल? सोया सॉस असेल, स्वयंपाकातली वाइन असेल, ग्लुटामेट असेल, नाहीतर मिठाचं प्रमाण असेल. एका माणसाचा अनुभव, चार अंदाज, आणि कोणीतरी संशोधन करावं अशी इच्छा, एवढंच ते पत्र होतं. नियतकालिकानं त्याला मथळा दिला ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’.

पुढचं काम मथळ्यानं केलं. चार शंकांतली एकच लोकांच्या लक्षात राहिली आणि शंका आहे हेही लोक विसरले. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांच्या दारांवर ‘नो एमएसजी’ अशा पाट्या लागल्या. त्याच पदार्थानं भरलेले अमेरिकी सूपचे डबे आणि चिप्स मात्र लोक निवांत खात राहिले. एखादं अन्न कोणाचं आहे यावरून ते किती घाण असेल हे ठरवायची सवय जगभर आहे; आपल्याकडं ती किती जुनी आहे हे वेगळं सांगायला नको.

नंतर रीतसर प्रयोग झाले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएसाठी तयार झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की, अन्नाशिवाय एकदम तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटामेट घेतलं तर काही जणांना थोडा वेळ डोकेदुखी, बधिरपणा अशी लक्षणं दिसू शकतात. एका वेळच्या जेवणात ते सहसा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतं. म्हणजे क्वॉक खोटं बोलत नव्हते, पण त्यांच्या पत्रावर जो इमला उभा राहिला त्याला पाया नव्हता. मेरियम-वेबस्टर कोशानं त्या ‘सिंड्रोम’ची नोंद २०२० मध्ये बदलली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये ग्लुटामेटसाठी शरीराच्या दर किलो वजनामागं रोज ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. म्हणजे ‘अगदी निर्धोक’ असंही कोणी म्हटलेलं नाही. पण मोजून बोलणं आणि बोंब मारणं यात अंतर आहे.

आपल्याकडं या गोष्टीचा उत्तरार्ध २०१५ मध्ये घडला. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या मॅगीच्या नमुन्यावरून वाद सुरू झाला. पाकिटावर ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ लिहिलेलं होतं आणि तपासणीत ग्लुटामेट सापडलं. शिवाय शिसं मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा आरोप झाला. ५ जून २०१५ ला एफएसएसएआयनं बंदी घातली. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांची मान्यताच प्रश्नांकित होती. फेरतपासणीत शिसं मर्यादेच्या आत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत दुकानात आली.

त्यातले दोन मुद्दे एकमेकांत मिसळले हे आजही फार जणांना आठवत नाही. शिशाचा मुद्दा आरोग्याचा होता, कारण शिसं हे अ‍ॅडिटिव्ह नव्हे, प्रदूषण आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते खरोखर घातक आहे. ग्लुटामेटचा मुद्दा मात्र भाषेचा होता. ‘नो अ‍ॅडेड’ म्हणजे ‘आम्ही वरून घातलेलं नाही’. शेंगदाण्याच्या प्रथिनातून, कांद्याच्या पावडरीतून, गव्हातून ते आपसूक येतं असं कंपनीचं म्हणणं होतं. रसायनशास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ वाचून ग्राहकाला ‘यात एमएसजी नाही’ असंच कळतं, आणि त्याला तसंच कळावं म्हणून ते तीन शब्द पाकिटावर असतात. ‘नो अ‍ॅडेड शुगर’, ‘नो अ‍ॅडेड प्रिझर्व्हेटिव्ह’ हे सगळे याच वळणाचे वाक्प्रचार आहेत. खरं बोलून चुकीची समजूत करून देणं ही एक वेगळी कला आहे.

एकच रंग, दोन वाक्यं

आता दुसऱ्या बाजूच्या वाचकाकडं येऊ. ‘परवानगी आहे ना, मग झालं’ म्हणणारा.

२००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मिळून सुमारे तीनशे मुलं. त्यांना काही दिवस रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय दिलं, काही दिवस तसंच दिसणारं पण रंग-बेंझोएट नसलेलं. रंगवालं पेय घेतल्यावर मुलांचा चंचलपणा सरासरीनं थोडा वाढलेला दिसला. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण वापरल्यामुळं नेमका कुठल्या रंगानं काय केलं हे सांगता येत नव्हतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनंही पुरावा मर्यादितच आहे असं म्हटलं.

तरीही युरोपीय संघानं जुलै २०१० पासून टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पोन्सो ४आर यांच्यासह सहा रंग असलेल्या पाकिटांवर एक वाक्य छापणं सक्तीचं केलं. त्याचा आशय असा : या रंगामुळं मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्याच्या क्षमतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीनं मात्र अशा इशाऱ्याची गरज नाही असं बहुमतानं ठरवलं. पुरावा जवळपास तोच होता. शंका असताना काय करायचं याचा निर्णय दोघांनी वेगळा घेतला. युरोपात मग अनेक कंपन्यांनी ते वाक्य छापण्यापेक्षा रंगच बदलून टाकला. एका वाक्यात एवढी ताकद असते.

हेच चार रंग भारतात चालतात. आपल्या पाकिटावर त्यांच्यासाठी जे वाक्य असतं त्याचा अर्थ ‘यात परवानगी असलेला कृत्रिम खाद्यरंग आहे’ एवढाच. रंग तेच आणि मुलंही मुलंच. युरोपातलं वाक्य आईवडिलांशी बोलतं. आपलं वाक्य कंपनीची बाजू सांभाळतं. ‘परमिटेड’ या शब्दात परवानगी कोणी दिली, कधी दिली, किती प्रमाणाला दिली, कुठल्या पदार्थासाठी दिली, यातलं काहीही नाही. वाचणाऱ्याला मात्र तो शब्द शिक्क्यासारखा वाटतो.

आणि परवानगीला तारीख असते. पोटॅशियम ब्रोमेट बघा. पाव छान फुगावा, आतून मऊ व्हावा म्हणून मैद्यात घालायचं हे मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९९ मध्ये ते ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता’ या गटात ठेवलं. ब्रिटननं त्याही आधी, १९९० मध्येच ते बंद केलं होतं. भारतात ते चालूच होतं. मे २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं ब्रेड, पाव, बन वगैरेंचे ३८ नमुने तपासले. ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेट सापडलं. जूनमध्ये एफएसएसएआयनं ब्रोमेट परवानगीच्या यादीतून काढलं. आदल्या महिन्यापर्यंत तो पाव ‘परमिटेड’ होता.

अमेरिकेतली रेड ३ या रंगाची गोष्ट तर अजून विचित्र. नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या म्हणून १९९० मध्ये एफडीएनं तो सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. ओठांना लावायला बंदी आणि गिळायला परवानगी, अशी अवस्था पस्तीस वर्षं राहिली. जानेवारी २०२५ मध्ये खाण्यातली परवानगी काढली, तीही कंपन्यांना २०२७ पर्यंत मुदत देऊन. गंमत अशी की, उंदरांत ज्या मार्गानं गाठी होतात तो माणसाला लागू होत नाही असं एफडीए आजही म्हणते. १९६० च्या एका कलमानुसार प्राण्यात कर्करोग करणारं अ‍ॅडिटिव्ह चालत नाही, म्हणून बंदी आली. म्हणजे परवानगीमागं जसं फक्त विज्ञान नसतं, तसं बंदीमागंही नसतं.

मंचुरियन, म्हातारीचे केस आणि गूळ

गाडीवरच्या अन्नाला पाकीट नसतं, म्हणून यादीही नसते. तिथं आपण डोळ्यांनी वाचतो.

२०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं गोबी मंचुरियनवर बंदी घातल्याची बातमी देशभर गाजली. बोडगेश्वराच्या जत्रेतल्या स्टॉल्सवरून विषय निघाला होता. कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणं दिली गेली. त्याच फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूनं ‘बुढ्ढी के बाल’वर बंदी आणली, कारण त्यात रोडामाइन-बी सापडलं. मार्चमध्ये कर्नाटकनं मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि साखरेच्या कापसातलं रोडामाइन-बी दोन्ही बंद केलं.

बातम्यांमध्ये हे सगळं ‘घातक केमिकल’ या एकाच गाठोड्यात आलं. पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग. तो खाण्यात कधीच चालत नव्हता. ती सरळसरळ भेसळ. टारट्राझीन मात्र परवानगी असलेला रंग आहे, फक्त मंचुरियनसाठी ती परवानगी नाही. गोळीत चालतो, गाडीवर नाही. गाडीवाल्यानं तो ‘खाण्याचा रंग’ म्हणून दुकानातूनच आणलेला असतो. चमचा कितीचा, मर्यादा किती, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ज्या पदार्थाचं श्रेय सहसा मुंबईच्या नेल्सन वँग यांना दिलं जातं, त्या मंचुरियनचा भाऊ असलेला हा फ्लॉवर गावोगावच्या जत्रेत लालभडक झाला तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. बंदी आली की त्याची कढई उचलली जाते. कारखान्यात मात्र तोच रंग परवान्यासह वापरात असतो. सुरक्षिततेचा नियम हवाच, पण तो कोणावर किती कडक पडतो हेही बघायला हवं.

हा डोळ्यांचा प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या गुऱ्हाळांत उसाचा रस उकळताना मळी वर आणायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरायची जुनी रीत आहे. पुढं गूळ पिवळाधमक व्हावा म्हणून ‘हायड्रॉस’ पावडर आली, कारण बाजारात पिवळ्याला भाव होता. उसाची जात, जमीन, रस किती आटवला, यावर गुळाचा रंग खरं तर बदलत राहतो. पण आम्हाला प्रत्येक ढेप सारखी आणि सोन्यासारखी हवी होती. हायड्रॉस गुऱ्हाळवाल्यानं घातलं हे खरं, पण ते मागवणाऱ्यांत आपणही होतो. आता ‘केमिकल-फ्री’ म्हणून काळपट गूळ दुप्पट भावानं घेताना आपण पुन्हा रंगावरूनच ठरवतोय.

रीलची समीक्षा

रील या प्रकाराला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. एप्रिल २०२३ मध्ये ‘फूड फार्मर’ या नावानं व्हिडिओ करणाऱ्या रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्यांनी व्हिडिओ काढला, माफी मागितली. तोवर तो घराघरात पोचला होता. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं कंपनीला नोटीस काढली, वर्षअखेरीस कंपनीनं साखर कमी केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं. यादी मोठ्यानं वाचली की काय होऊ शकतं ते इथं दिसलं. तो वाचक यादीच्या पहिल्या ओळींबद्दल बोलत होता, साखरेबद्दल, जिचं प्रमाण पाकिटावरच छापलेलं होतं.

त्याच्या मागून आलेल्या शेकडो रील्स मात्र यादीच्या शेपटाकडं धावतात. साखर सगळ्यांना माहीत आहे, तिचा धक्का बसत नाही; ‘९५१’चा बसतो. ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम. जुलै २०२३ मध्ये त्याच्याबद्दल एकाच दिवशी दोन निष्कर्ष आले. कर्करोग संशोधन संस्थेनं ते ‘शक्यता आहे’ या गटात घातलं. संयुक्त राष्ट्रांच्याच अ‍ॅडिटिव्ह समितीनं आधीची मर्यादा, दर किलोला रोज ४० मिलिग्रॅम, कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला डाएट कोलाचे रोज नऊ ते चौदा कॅन लागतील, असा हिशेबही दिला. अनेकांना हा विरोधाभास वाटला. पण पहिली संस्था ‘हे मुळात करू शकतं का’ हे विचारते आणि दुसरी ‘एवढ्यानं होईल का’ हे विचारते. पहिल्या संस्थेच्या त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. दोन्ही प्रश्न लागतात. रील पहिला विचारते, कंपनी दुसरा, आणि दोघंही आपल्याला उरलेला प्रश्न विसरायला लावतात.

यात खरी हानी अशी होते की, शेपटाकडं बघताना डोकं नजरेआड होतं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांवर एक प्रयोग केला. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या जेवणात साखर, चरबी, मीठ, तंतू साधारण सारखे. हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियेच्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. कुठल्या एका क्रमांकानं हे केलं असं त्यातून निघत नाही. पण स्वस्त तेल, स्टार्च आणि साखर यांना रंग, वास, कुरकुरीतपणा आणि सहा महिन्यांचं आयुष्य देण्याचं काम अ‍ॅडिटिव्ह करतात. प्रत्येक क्रमांक सुटा सुटा तपासून निर्दोष सुटला, तरी त्या सगळ्यांनी मिळून जे उभं केलं ते निर्दोष आहे असं होत नाही. मला अ‍ॅडिटिव्हबद्दल वाटणारी खरी काळजी ही आहे, आणि ती कुठल्याच एका आकड्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही.

ज्या पाकिटावर यादीच नाही

‘लेबल वाचा’ हा सल्ला चांगला आहे. पण तो कोणाला दिला जातोय ते बघा. भारतीय नियमांनुसार पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असणं पुरेसं आहे. बाकी भाषा ऐच्छिक. महाराष्ट्रातल्या दुकानात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर घटक मराठीत सांगायची सक्ती नाही. पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण रस्त्यावर येतो. पोटात काय जातं ते मराठीत हवं, यासाठी कोणी आलेलं दिसत नाही.

आणि एक तरतूद आहे जी वाचून मी थांबलो. पाकिटाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर त्यावर घटकांची यादी आणि पोषणाची माहिती नसली तरी चालते. ती मोठ्या घाऊक पाकिटावर किंवा बरणीवर असली की झालं. कारण समजण्यासारखं आहे, गोळीच्या कागदावर जागा किती असणार. पण एवढी लहान पाकिटं विकत कोण घेतं? झेडपीच्या शाळेसमोरच्या टपरीवर एक रुपयाची लाल गोळी, दोन रुपयांची पिवळी जेली, जीभ निळी करणारं चॉकलेट. ज्या रंगांबद्दल युरोप आईवडिलांना सावध करतो, ते सर्वांत जास्त जिथं असण्याची शक्यता, तिथंच यादीला सुट्टी. बरणी दुकानदाराकडं राहते, गोळी मुलाच्या तोंडात जाते. मॉलमध्ये चष्मा लावून लेबल वाचणाऱ्या सुशिक्षित ग्राहकासाठी ही सगळी व्यवस्था आहे. तो मुलगा तिच्या हिशेबात नाही.

चिलीनं २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबीच्या पाकिटांवर पुढच्या बाजूला काळे अष्टकोन छापायला लावले. ते वाचायला फारशी शाळा लागत नाही. आपल्याकडं २०२२ मध्ये ताऱ्यांच्या रेटिंगचा मसुदा आला. साखरेच्या पदार्थालाही थोडे का होईना तारे मिळणार म्हणून त्यावर टीका झाली. अ‍ॅडिटिव्हबद्दल मागायच्या गोष्टी यापेक्षा साध्या आहेत. यादी राज्याच्या भाषेत असावी. मुलांच्या खाऊत कृत्रिम रंग असेल तर ‘परमिटेड’ऐवजी पालकांना उद्देशून एक सरळ वाक्य असावं. लहान पाकिटाची सवलत मुलांच्या खाऊला नसावी. जागा नसेल तर बरणीवर मोठ्या अक्षरात, गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहावं. आणि गाडीवाल्यावर धाड टाकण्याआधी त्याला रंगाच्या डबीवरच सांगावं की हा कशात चालतो आणि कशात नाही.

तोवर पाकीट उलटं करून पहिले तीन घटक वाचत जा. शेवटचे आकडे शोधायला हरकत नाही, पण आधी पहिले तीन. आणि घरातल्या ज्या कोणाला ते वाचता येत नाहीत, त्यांना वाचून दाखवा.